भिंतीवरच्या निळ्या सुऱ्या

हंड्याला दार उघडता यायचं नाही. म्हणजे हातात बळ नव्हतं असं नाही हां, बळाचं तर विचारूच नका, तांदळाचं अख्खं पोतं तो उशी उचलावी तसं उचलायचा. पण दार समोर आलं की गडी थांबायचा. हात मागे, नजर खाली, आणि कुणीतरी येऊन उघडेल म्हणून नुसता उभा. इतकी वर्षं आत काढली ना, की दार हे नेहमी दुसऱ्यानंच उघडायचं असतं, हे त्याच्या हाडात मुरलं होतं.

हॉटेलात कामाला आला तो पहिला दिवस, तर हा मागच्या गल्लीत, किचनच्या दाराबाहेर उभा. आत भांडी वाजतायत, कांदा परतल्याचा वास येतोय, आणि हा बाहेर पुतळ्यासारखा. शेवटी भांडी घासणारा पाकीट कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आला आणि दचकलाच.

"अरे देवा! कधीपासून उभा आहेस?"

"झाला थोडा वेळ."

"मग बेल वाजवायची ना!"

"बेल दिसली," हंड्या म्हणाला, "पण आपण वाजवायची की कसं, ते कळेना."

पाकिटानं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि गालात हसला. "म्हणजे तू पण आतलाच."

आता हा पाकीट कोण, तर नावातच सगळं आलं. एके काळी गर्दीत दुसऱ्यांचे खिसे हलके करायचा, त्यासाठी दोनदा आत जाऊन आला, आणि आता त्याच बोटांनी ताटल्या घासायचा. काडीपैलवान, तोंडाची टकळी अखंड चालू. या दोघांना एकाच बाईनं कामावर घेतलं होतं. हॉटेलची मालकीण. तिला सगळेच ताई म्हणायचे, तिच्याहून मोठे असले तरी. ताईचं म्हणणं असं की शिक्षा भोगून झाली ना, मग झालं, माणसाला पोट तर असतंच. लोकांनी वेड्यात काढलं तिला. नवऱ्यानं डोक्याला हात लावला. पण ताई म्हणजे ताई, एकदा मनात घेतलं की घेतलं.

हंड्याची मुलाखत तर ऐकण्यासारखी झाली.

"काय काय येतं तुम्हाला?" ताईनं विचारलं.

"आतल्या सगळ्यांचा स्वयंपाक करायचो. हंडेच्या हंडे."

"आणि चार माणसांचा?"

हंड्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "चार माणसांचा नाही येत."

तिथंच त्याचं नाव हंड्या पडलं. आणि खोटं नव्हतं ते. पहिल्या आठवड्यात ताई म्हणाली जरा सूप टाका, तर यानं एवढं केलं की पाकीट, उस्ताद, वाढणारी पोरगी, सगळे घरी डबे भरून नेत होते आणि तरी ते संपेना. उस्ताद म्हणजे मुख्य आचारी. जाडजूड, मिशीवाला, किचनमध्ये आपलंच राज्य असं मानणारा. उस्तादनं कपाळ बडवून घेतलं. "अरे ए हंड्या, गिऱ्हाईक जेवायला येतं, अंघोळीला नाही!"

पण शिकला हो तो. हळूहळू मीठ चिमटीनं घालायला शिकला, एका माणसाचं अंडं एका माणसापुरतं तळायला शिकला. दाराचंसुद्धा शिकला. किचन आणि हॉलच्या मधे एक ढकलदार होतं, वर गोल काच बसवलेलं, आणि शेजारी ताटं बाहेर सरकवायला एक खिडकी. या ढकलदारापाशी तो ताट घेऊन थांबून राहायचा. मग वाढणारी पोरगी, तिला सगळे चिमणी म्हणायचे, चणीनं तेवढीशीच आणि चिवचिव तेवढीच, ती कंबरेवर हात ठेवून म्हणायची, "काका, ढकला! दार आहे ते, साहेब नाही!" मग तो लाजून हसायचा आणि खांद्यानं दार ढकलायचा. प्रत्येक वेळी चेहऱ्यावर असं काही यायचं, की जणू मोठी चोरी केली आणि पकडला गेला नाही.

आता भिंतीचं सांगायला हवं, कारण सगळं घडलं ते त्या भिंतीपायी.

आतल्या स्वयंपाकघरात, म्हणजे तुरुंगाच्या, एक लाकडी फळा असायचा. त्यावर प्रत्येक सुरीची आकृती रंगवलेली. काम झालं की सुरी आपापल्या आकृतीवर अडकवायची. एखादी आकृती मोकळी दिसली, की संपलं. शिट्टी. दारं बंद. सगळ्यांनी भिंतीला पाठ लावायची, हात पुढे, तळवे वर, आणि सुरी सापडेपर्यंत कुणी हलायचं म्हणून नाही. हंड्यानं हे कितीतरी वेळा केलं होतं. आणि एकदा शिट्टी उशिरा वाजली होती. त्याच्या शेजारी उभा राहून कणीक तिंबणारा एक जण होता, गाणं गुणगुणायचा सतत, तर सुरी सापडली ती त्याच्या बरगड्यांत. पीठ तसंच परातीत. ते हंड्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. पाकिटालासुद्धा नाही. पण तेव्हापासून मोकळी आकृती दिसली की तो हातातलं काम टाकून आधी सुऱ्या मोजायला लागायचा.

तर या हॉटेलात सुऱ्या कुठेही पडायच्या. ओट्यावर, बेसिनमध्ये, एकदा तर फ्रीजमध्ये लोण्याच्या डब्यावर. हंड्याला घास जाईना. शेवटी एके दिवशी त्यानं मागच्या दाराला दिलेला निळा रंग उरला होता तो काढला, आणि ढकलदाराशेजारच्या पांढऱ्या भिंतीवर एकेका सुरीची आकृती काढत बसला. मोठा सुरा, मांसाची अरुंद सुरी, फळांची छोटीशी, आणि दाराच्या अगदी लगत पावाची लांब दातेरी. दातेसुद्धा एकेक काढले हो. जीभ बाहेर काढून, शाळेतल्या पोरासारखे.

उस्ताद आला आणि बघतच राहिला. "काय रे, सुऱ्यांचे फोटो काढतोयस होय? लग्न जमवायचंय त्यांचं?"

"हरवली तर लगेच कळतं, उस्ताद."

"हरवली तर दुसरी आणू! सुरी आहे, पोरगी नाही."

पण ताईला काय आवडलं म्हणून सांगू! आल्यागेल्याला ती भिंत दाखवायची. "बघा, आमच्या हंड्यानं लावलेली शिस्त." उस्तादच्या पोटात दुखायचं, पण मालकिणीपुढे काय बोलणार? आणि खरं सांगायचं तर सगळे हळूहळू सुऱ्या जागेवर ठेवायला लागलेच. फक्त हॉलमधली माणसं नाही. चिमणी काय, ताई काय, लिंबू कापायला सुरी उचलायच्या आणि वाट्टेल तिथं टाकायच्या, आणि हंड्या बिचारा शोधून आणायचा.

आता त्याची पोर.

हंड्या आत का गेला, त्याबद्दल किचनमध्ये नाही नाही त्या गोष्टी चालायच्या. यानं कुणाला तरी सुऱ्यानं कापलं, असं उस्ताद गिऱ्हाइकांनाही डोळे मिचकावून सांगायचा. खरं तर यानं जन्मात कुणावर सुरी उचलली नव्हती. त्याची स्वतःची एक छोटी खानावळ होती, एक भागीदार होता, आणि एका दुपारी दोघांचं वाजलं. यानं ओरडून त्याला ढकललं. ढकललं फक्त. तो ओट्याच्या कोपऱ्यावर आपटला आणि उठलाच नाही. टेबलाखाली याची लेक बाहुली घेऊन बसली होती. तिनं बापाचा तो आवाज ऐकला आणि मग पुढची सगळी वर्षं बापाचा आवाज म्हणून तिच्यापाशी तेवढाच राहिला. आई पुढे आजारपणात गेली, मावशीनं वाढवलं, मावशीनं लग्न लावून दिलं. बापाला पत्ता नाही, निरोप नाही, काही नाही.

सुटून आल्यावर पाकिटानंच कुठून कुठून विचारत लेकीचा नंबर मिळवला. दोघं एका गॅरेजच्या वरच्या खोलीत राहायचे, दोन खाटा आणि मधे एक स्टूल. पाकिटानं फोन लावला आणि हंड्याच्या कानाला धरला, कारण याला तो कसा धरायचा तेच कळेना.

"मी बोलतोय," हंड्या म्हणाला. पुढे काय म्हणायचं सुचेना. "मी कामाला लागलोय."

मग तिचा आवाज, मोठ्या बाईचा आवाज, त्यानं कधी न ऐकलेला. "कुठं?"

त्यानं हॉटेलचं सांगितलं. ताईचं सांगितलं. मग घाईघाईत, कुणी फोन काढून घेईल अशा भीतीनं, भिंतीचंसुद्धा सांगितलं.

"मला बाळ झालंय," ती म्हणाली.

हंड्यानं कान फोनला आणखी घट्ट लावला.

"मावशी म्हणते, काही गरज नाही तुम्हाला कळवायची. मला ठरवता येत नाहीये. एकदा मी येते तिथं. रविवारी दुपारी. एकटीच येईन. जेवेन, बघेन तुम्हाला. बाळाला तुम्हाला दाखवायचं की नाही, ते मग ठरवू."

"ये," हंड्या म्हणाला. आणि फोन बंद झाल्यावर त्याला आठवलं, मुलगा की मुलगी ते विचारायचंच राहिलं.

"बावळटा!" पाकीट ओरडला. "नाव काय, ते तरी?"

"रविवारी विचारीन."

"लाव परत. आत्ता लाव."

"नको. चिडेल. रविवारी येणारच आहे ना."

त्या आठवड्यात हंड्याचा पाय जमिनीवर नव्हता. एप्रन दोनदा धुतला. न्हाव्याकडे जाऊन आला. पाकीट त्याला तालीम द्यायचा, स्वतः लेक होऊन स्टुलावर बसायचा, पदर घेतल्यासारखं टॉवेल डोक्यावर घेऊन. "बाबा, मीठ कमी आहे हो," असं बारीक आवाजात म्हणायचा, आणि हंड्या हसून हसून खाटेवर लोळायचा. इतका हसलेला त्याला कुणी बघितलाच नव्हता. चिमणीला त्यानं बजावून ठेवलं, "एकटी बाई येईल. एकटी. ती आली की मला लगेच सांगायचं. ताट मी स्वतः घेऊन जाणार." ताईलाही सांगितलं. ताईचे डोळेच भरून आले. म्हणाली, "कोपऱ्यातलं टेबल ठेवते, काळजी करू नका."

रविवार उजाडला. आणि रविवार म्हणजे हॉटेलात नुसती झुंबड. खिडकीतून ऑर्डरीवर ऑर्डरी, उस्तादच्या तोंडाचा पट्टा सुरू, वाफ, तेल, धावपळ. हंड्या शेगडीपाशी पाठमोरा, कोंबडी परततोय, पण सगळा जीव त्या गोल काचेत. सारखा मान वळवून बघतोय. एक म्हातारं जोडपं आलं. चार मित्र आले. एक बाई लेकरू कडेवर घेऊन आली. पण एकटी बाई काही येईना.

"चिमणे, आली का गं?"

"नाही हो काका! आली की सांगते म्हटलं ना! दहादा काय विचारता!"

आणि नेमकं तेव्हा त्यानं भिंतीकडे बघितलं.

मोठा सुरा आहे. अरुंद सुरी उस्तादच्या हातात. छोटी आहे. आणि दाराच्या लगतची ती लांब दातेरी आकृती, निळी, मोकळी.

आधी तो शांतच होता. ओटा बघितला. बेसिनमध्ये हात घालून चाचपडलं. पाव ठेवायचा डबा उघडला. "पावाची सुरी कुणी घेतली?"

"मी काय पाव खातोय काय इथं?" उस्ताद खेकसला. "कोंबडी बघ, करपेल!"

"पाकीट, तू बघितलीस?"

"नळ सोडून काही बघितलं नाही सकाळपासून."

हंड्यानं शेगडी बंद केली. त्याच्या कानात काहीतरी सूं करायला लागलं होतं. ती परात, ते पीठ, ते गुणगुणणं मधेच थांबलेलं. आणि सुरी आता कुठेतरी आहे, कुणाच्या तरी बाहीत आहे, आणि कुठल्याही क्षणी आपली लेक दार ढकलून हॉलमध्ये येईल, कोपऱ्यातल्या टेबलाशी भिंतीला पाठ न लावता बसेल, बिनघोर. तुम्हाआम्हाला हसू येईल, साधी पावाची सुरी! पण त्याला विचारा. त्याच्या जगात हरवलेली सुरी म्हणजे कुणीतरी मरणार, बस. त्यात दुसरा अर्थच नव्हता.

चिमणी ताटं न्यायला आत आली होती. ती वळून बाहेर निघाली आणि हंड्या तिच्या आडवा आला. त्यानं ढकलदाराची वरची कडी लावली. मागच्या दाराचीही लावली. ज्या माणसाला दार उघडायला सांगावं लागायचं ना, त्यानं त्या दिवशी दोन्ही दारं आपल्या हातानं बंद केली, कुणाला न विचारता.

"काका, काय करताय? टेबलं थांबलीत माझी."

"सुरी सापडेपर्यंत कुणी जायचं नाही."

"काका, गंमत नको हं."

"भिंतीला पाठ लावा. हात पुढे."

पाकीट तत्क्षणी सरकला. ओले हात पुढे, तळवे वर, पाठ भिंतीला, नजर खाली. शरीरच सरकलं त्याचं, विचार मागून आला. आणि मग कुठं तो पुटपुटला, "हंड्या, अरे आपण बाहेर आहोत. बाहेर आहोत रे."

हंड्याला ऐकू गेलं नाही.

"वेडाबिडा झालास काय?" उस्ताद पुढे आला आणि हंड्या ओरडला. हंड्या ओरडल्याचं त्या हॉटेलात कुणी कधी ऐकलं नव्हतं. "कुणी हलायचं नाही!" छपरापर्यंत गेला तो आवाज. शेगडीवरचं झाकण खडखडलं असेल. उस्ताद, एवढा मिशीवाला उस्ताद, त्याच्या तोंडचं पाणी पळालं. हातातली सुरी खाली टाकून तो भिंतीला चिकटला आणि हात वर केले. चिमणी रडायला लागली, मोठमोठ्यानं, "काका सोडा ना, काका मला घरी जायचंय," आणि ताटं सरकवायची खिडकी तर सताड उघडी होती, त्यामुळे हॉलमधल्या प्रत्येक माणसानं सगळं ऐकलं. खुर्च्या सरकल्या. कुणीतरी म्हणालं, अहो तो खुनी आहे तो, मला माहीत आहे, पोलिसांना फोन करा.

हंड्यानं पाकिटाचा एप्रन चाचपला. उस्तादचा चाचपला. उस्ताद डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता. चिमणीपाशी आला आणि तिचा चेहरा बघून थांबला. तिनं स्वतःच एप्रनचे खिसे उलटे करून दाखवले. एक पेन आणि गोळ्यांची पुडी खाली पडली.

खिडकीतून त्याला हॉलचा तुकडा दिसत होता. माणसं बाहेर पळत होती. एक बाई पाठमोरी, घाईघाईनं पुढच्या दारातून निघाली होती, खांद्यावर पिवळं काहीतरी, पिशवी असावी. दार तिच्यामागे आपटलं. बरं झालं, हंड्याच्या मनात आलं, जाऊ देत सगळे, तिच्या आधी सुरी सापडायला हवी.

आणि मग गोल काचेवर थापा पडायला लागल्या. ताई होती. एका हातानं काच बडवत होती, "उघड! हंड्या, उघड!" आणि तिच्या दुसऱ्या हातात, केकच्या क्रीमनं माखलेली, पावाची लांब दातेरी सुरी.

कडी त्यानं काढली. दार त्यानं नाही ढकललं. तो बाजूला झाला, भिंतीला पाठ लावली, आणि हात पुढे केले.

पोलीस आले. दोघं होते, जेवणाच्या वेळेला यावं लागलं म्हणून वैतागलेले. विचारलं, लिहिलं, हंड्याला म्हणाले उद्या सकाळी ठाण्यावर यायचं. चिमणीनं तक्रार द्यायला नकार दिला, हे खरं. पण तिचा भाऊ तिला न्यायला आला आणि तोंडाला येईल ते बोलत सुटला. उस्तादनं तर एप्रनच काढून ठेवला. मार लागला असता तर त्याला चाललं असतं हो, पण त्यानं हात वर केलेले सगळ्यांनी बघितले होते.

"ताई, हा तरी राहील नाहीतर मी. आणि तो दुसरा पण. असली माणसं ज्या किचनमध्ये, तिथं मी पाऊल ठेवणार नाही."

"मी काय केलं?" पाकीट म्हणाला. "मी तर हात धुऊन उभा होतो!"

कुणी हसलं नाही.

ताई खुर्चीवर बसली होती, डोकं धरून. हॉलमध्ये अर्धवट ताटं, उलटे पडलेले ग्लास. तिचा नवरा ते एकेक उचलून सरळ ठेवत होता. मग ताई म्हणाली, "हंड्या, मला नाही जमणार आता. मी कुणाला तोंड देऊ? उद्यापासून... नाही, आत्ताच. तुम्ही दोघंही."

पाकिटानं ओला एप्रन काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

हंड्या मात्र मान हलवत होता, कळलं, कळलं, अशी. "हो ताई. जातो. चुकलंच माझं. फक्त आजची दुपार राहू द्या. तिथं कोपऱ्यात उभा राहीन, कशाला हात लावणार नाही. ती यायची आहे ना. आली आणि मी नसलो तर तिला वाटेल खोटं बोललो कामाचं. जरा उशीर झालाय तिला. बाळाचं असतं काहीतरी."

ताईनं वर बघितलं. आणि तिचं तोंड असं वाकडं झालं, की पाकिटाला आधी वाटलं चक्करच आली हिला.

"हंड्या, ती येऊन गेली."

"नाही. चिमणी सांगणार होती."

चिमणी भावाच्या मागे उभी होती, पर्स घेऊन, नाक लाल. "तुम्ही म्हणालात एकटी येईल," ती म्हणाली. "एकटी. मी एकटीलाच शोधत होते काका. ती एकटी नव्हती. बाळ होतं."

ताई बोलत होती आता, भराभर, थांबतच नव्हती. ती बाई कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली. ताईनं विचारलं, तेव्हा हळूच म्हणाली की हो, मीच. म्हणाली, घरून निघता निघता वाटलं, घेऊनच जावं. ताईला इतका आनंद झाला, इतका, की म्हटलं केक कापू, म्हटलं हंड्याला सांगायचंच नाही, केक मांडू आणि मग हाक मारू, तो दार ढकलून बाहेर येईल आणि समोर बघेल. म्हणून ती पटकन आत आली होती सुरी घ्यायला. हंड्या तेव्हा शेगडीपाशी पाठमोरा होता. "मी हाक मारणार होते," ताई म्हणत राहिली. "केकवर मेणबत्ती लावायची होती फक्त. मग हाक मारणार होते."

"काही म्हणाली ती?" हंड्यानं विचारलं.

ताई हाताला लागलेलं क्रीम पुसायला लागली. पण हंड्या तिच्या तोंडाकडे बघतच राहिला.

"तुमचा आवाज आला तेव्हा," ताई म्हणाली, "ती उठली. म्हणाली, हाच. एवढंच. बाळाचे कान झाकले तिनं आणि गेली."

पाकिटानं फोन लावला. रिंग गेली, मग कट झाला. परत लावला तर बंद. मग पाकीट नुसताच तो फोन हातात फिरवत राहिला, एके काळी चोरलेलं घड्याळ फिरवायचा तसा.

हंड्या आपली पिशवी घ्यायला किचनमध्ये गेला. जाताना चिमणीपाशी थांबला. तिचा भाऊ लगेच मधे आला. हंड्या दोन पावलं मागे सरकला आणि लांबूनच विचारलं, "मुलगा होता की मुलगी?"

"नाही कळलं काका."

"कुणासारखं दिसतं?"

"झोपलेलं होतं. टोपी होती ना, इथपर्यंत." तिनं आपल्या भुवयांवर बोट ठेवलं. "पिवळी टोपी."

हंड्याचा हात आपोआप आपल्या खांद्याकडे गेला, त्या बाईच्या खांद्यावर जिथं ते पिवळं होतं तिथं, आणि तिथंच राहिला.

आत येऊन त्यानं ताईनं ओट्यावर टाकलेली सुरी धुतली. पुसली. भिंतीवर, तिच्या निळ्या दातांवर दात बसवून अडकवली. उस्ताद दुसऱ्या दिवशी सगळ्यावरून चुना फिरवणार होता, तसं तो मोठ्यानं म्हणतही होता, पण त्या वेळी भिंत पूर्ण होती, एकही जागा मोकळी नव्हती.

मग पाकीट पुढच्या दारानं निघून, वळसा घालून गल्लीत आला. हंड्या अजून बाहेर नाही, म्हणून त्यानं मागच्या दाराच्या फटीतून बघितलं. हंड्या दाराच्या पलीकडे, कडी काढून, आत उभा होता. पिशवी खांद्याला. हात मागे, नजर खाली.

"हंड्या, ढकल की रे," पाकीट म्हणाला. "कडी नाहीये. नुसतं ढकल."

हंड्या हलला नाही.

पाकिटानं थोडी वाट बघितली. मग त्यानंच दार ओढलं.